रात्रपाळीचं मस्टर

नोकरीची शेवटची काही वर्षं माझ्या टेबलावर आरोग्य खात्याची देयकं यायची. जिल्हा कोषागारातल्या उपलेखापालाच्या हाताखालून वर्षाला किती कागद जातात याचा हिशेब कुणी ठेवत नाही, आणि त्यातले लक्षात तर फारच थोडे राहतात. एक मात्र राहिला आहे. एका ग्रामीण रुग्णालयाला एजन्सीमार्फत पुरवलेल्या डॉक्टरांचं जानेवारी महिन्याचं देयक. सोबत हजेरीपत्रक. चार नावं, एकतीस रकाने आणि प्रत्येक रकान्यात एक ‘ह’. म्हणजे १२४ ‘ह’. सगळे एकाच शाईचे, एकाच वळणाचे, एका बैठकीत काढलेले. संक्रांतीला ‘ह’, २६ जानेवारीला ‘ह’, झाडून सगळ्या रविवारी ‘ह’. खाली शिक्का आणि ‘सेवा समाधानकारकरीत्या प्राप्त झाली’ असं प्रमाणपत्र.

बेरीज बरोबर होती. अनुदान शिल्लक होतं. नमुना स्वाक्षरीशी सही जुळत होती. आक्षेप काढावा अशी एकही जागा नव्हती, म्हणून मी देयक पुढे पाठवलं आणि ते पारित झालं. कोषागार कागद तपासतं. माणूस कामावर आला होता का, हे बघायची सोय आमच्याकडे नव्हती आणि ते आमचं कामही नव्हतं. चार डॉक्टरांपैकी एकालाही महिनाभरात ताप आला नाही, कुणाच्या घरी लग्न निघालं नाही, हे खरं की खोटं ते सांगू शकणारी माणसं त्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात केसपेपर घेऊन बसलेली होती. त्यांच्यापुढे तो कागद कधी गेला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की तो त्यांच्यापुढे जायला हवा. तात्पुरत्या डॉक्टरांवर सरकार किती पैसे खर्च करतं याचा एकूण आकडा विधिमंडळात कधीमधी सांगितला जातो. तो कोटींत असतो आणि कोटींतला आकडा कुणालाच काही सांगत नाही. हवं आहे ते मस्टर. कोणत्या रुग्णालयात, कोणत्या पाळीला, किती तास, आणि त्या तासांचे एजन्सीला किती दिले.

यात नवं असं काही मी मागत नाही. महाराष्ट्रात मस्टर हा शब्द शिकवला दुष्काळाने. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, १९७७ साली त्याचा कायदा झाला, आणि त्याच्या मागोमाग ‘बोगस मस्टर’ हाही शब्द मराठीत कायमचा वस्तीला आला. मेलेली माणसं खडी फोडत होती, मुंबईला गेलेली पोरं पाझर तलावावर माती वाहत होती. तिकडे राजस्थानात १९९४ पासून मजूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाया घेतल्या. त्यात फार मोठं तंत्र नव्हतं. गावासमोर मस्टर मोठ्याने वाचायचं. नाव वाचलं की गर्दीतून कुणीतरी ओरडायचं, अरे हा तर तेव्हा गावातच नव्हता! २००५ चा केंद्रीय माहिती अधिकार कायदा ज्या चळवळींतून आला त्यातली ही एक मोठी चळवळ. म्हणजे या देशात माहितीचा हक्क हजेरीपटापासून सुरू झाला, असं म्हटलं तरी चालेल.

पुढे मनरेगाची मस्टरं संकेतस्थळावर आली. कामाचं ठिकाण, मजुराचं नाव, दिवस, मजुरी, सगळं. २०२३ पासून तर दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो काढून ॲपवर चढवणं सक्तीचं झालं. (त्या ॲपने नेटवर्क नसलेल्या गावांत मजुरांचे किती हाल केले हा वेगळा विषय, आणि त्या सक्तीची मी मुळीच भलामण करत नाही.) पण विरोधाभास बघा. दिवसभर खड्डा खणणाऱ्या बाईची रोजची मजुरी कुणालाही घरबसल्या बघता येते. तिच्या कित्येक पट दराने, तिच्याच बाळंतपणासाठी नेमलेला डॉक्टर त्या रात्री रुग्णालयात होता का, हे तिला स्वतःलाही विचारता येत नाही.

कायम डॉक्टरचं तसं नाही. त्याचा पगार ‘सेवार्थ’ प्रणालीतून निघतो. त्याचा सेवार्थ क्रमांक असतो, सेवापुस्तक असतं, रजेचा हिशेब असतो. माहिती अधिकाराच्या कलम ४(१)(ख) नुसार प्रत्येक कार्यालयाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन आपण होऊन प्रसिद्ध करायचं असतं. अनेक कार्यालयं ते करतात, निदान एका धूळ खाल्लेल्या फायलीत तरी. रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाला किती पगार आहे हे गावाला माहीत असू शकतं. पण ज्या क्षणी ते पद रिकामं होतं आणि त्या जागी एजन्सीचा माणूस येतो, त्या क्षणी तो माणूस कर्मचारी राहत नाही. तो ‘सेवा’ होतो. त्याचा पैसा वेतनाच्या शीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या सदरातून, उठून ‘कंत्राटी सेवा’ या शीर्षात जाऊन बसतो. तिथे त्याच्या शेजारी सुरक्षारक्षक असतात, साफसफाईचा ठेका असतो. भूलतज्ज्ञाची रात्र आणि गेटवरच्या वॉचमनची रात्र एकाच शीर्षाखाली. वर्षअखेरीस अर्थसंकल्पाचं पुस्तक उघडून त्यातली डॉक्टरांची रक्कम वेगळी काढून दाखवा, असं मलाच कुणी सांगितलं तर मलाही जमणार नाही. मी सगळा जन्म त्याच आकड्यांत घालवला आहे.

त्यात पुन्हा तात्पुरता डॉक्टर म्हणजे एकच प्रकार नव्हे. बंधपत्रित, म्हणजे शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवेला बांधलेला, तो वेगळा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातला, अकरा महिन्यांच्या ऑर्डरीवरचा आणि मध्ये एका दिवसाचा तांत्रिक खंड दिलेला, तो वेगळा. वैद्यकीय महाविद्यालयातला १२० दिवसांच्या ऑर्डरीवरचा सहायक प्राध्यापक वेगळा. सिझेरियनपुरता बोलावलेला, केसवर पैसे घेणारा खासगी भूलतज्ज्ञ वेगळा. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून दोन महिन्यांसाठी धरलेला वेगळा. आणि एजन्सीचा वेगळा. सहा प्रकार, सहा वाटांनी जाणारे पैसे. एका वाटेवर कुणी बोट ठेवलं की खर्च दुसऱ्या वाटेने निघतो.

हे सगळं किरकोळ असतं तर मी निवृत्तीनंतर डोकं शिणवत बसले नसते. पण महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य सेवेवरचा कॅगचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडला गेला, त्यात डॉक्टरांच्या मंजूर पदांपैकी चौथाईहून जास्त रिकामी असल्याचं म्हटलं आहे. विशेषज्ञांची अवस्था त्याहून वाईट. रिकाम्या खुर्चीवर कुणीतरी बसवावंच लागतं, नाहीतर ओपीडी बंद. म्हणजे तात्पुरता डॉक्टर हा आता अपवाद उरलेला नाही, रोजचा कारभारच त्याच्यावर चालतो. २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ खासगी एजन्सींमार्फत सरकारी कार्यालयांना मनुष्यबळ पुरवायचा निर्णय काढला होता. परीक्षार्थी पोरं रस्त्यावर उतरली आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ अर्भकं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सरकारला विचारलेल्या पहिल्या काही प्रश्नांत हा होता : मंजूर पदं किती आणि रिकामी किती? न्यायालयाला हे विचारावं लागलं. जो आकडा रुग्णालयाच्या दारावर खडूने लिहिलेला असायला हवा, तो प्रतिज्ञापत्रावर मागवावा लागला.

मुंबईचं उदाहरण तर हजेरीपटाचंच आहे. कोविडच्या काळात महापालिकेने जंबो केंद्रं उभारली आणि डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय पुरवायचं काम खासगी कंपन्यांना दिलं. त्यातल्या वरळी आणि दहिसरच्या केंद्रांना माणसं पुरवणाऱ्या कंपनीवर सक्तवसुली संचालनालयाने २०२३ मध्ये कारवाई केली. आरोप असा की करारात ठरले होते त्याहून कितीतरी कमी डॉक्टर प्रत्यक्ष कामावर होते, आणि हजेरीची पत्रकं बनवून महापालिकेला बिलं लावली गेली. आरोप खरे की खोटे ते न्यायालय ठरवील. पण प्रश्न असा, की त्या केंद्रांत हजारो रुग्ण होते, त्यांचे नातेवाईक फोनवर होते, गेटबाहेर ताटकळत होते. तेव्हाच जर रोजची यादी, अमुक पाळी, अमुक वॉर्ड, अमुक डॉक्टर, अशी बाहेर लागली असती तर हे प्रकरण तीन वर्षांनी छाप्यांतून कळायचं कारण नव्हतं. वॉर्डात डॉक्टर आहे की नाही, हे खाटेवरच्या माणसाइतकं कुणाला कळतं?

त्याच वर्षी मुलुंडच्या महापालिका रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाबद्दलही गुन्हा दाखल झाला. बाहेरच्या संस्थेमार्फत नेमलेल्या काही डॉक्टरांकडे पात्रताच नव्हती, अशी तक्रार. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदवही संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. नाव आणि नोंदणी क्रमांक भिंतीवर असता तर एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या पोरानेही मोबाइलवर ताडून पाहिलं असतं.

आता हे जगात कुठे होतं का, असं कुणी विचारील. माझा भाचा इंग्लंडात आहे, तिकडच्या सरकारी आरोग्य सेवेत, एनएचएसमध्ये. आपल्याकडची बरीच मराठी डॉक्टर मंडळी तिथे मधूनमधून ‘लोकम’ करतात, म्हणजे दुसऱ्याच्या रजेच्या जागी पाळी भरून काढतात. एजन्सीची कमाई तिथेही अचाट आहे. २०२२-२३ मध्ये एकट्या इंग्लंडने एजन्सीच्या कर्मचाऱ्यांवर सुमारे साडेतीन अब्ज पौंड घालवले. एका ट्रस्टने, म्हणजे रुग्णालयं चालवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, एका डॉक्टरच्या एका पाळीला ५,००० पौंडांहून जास्त मोजले, हे तेव्हाच्या विरोधी पक्षाने माहिती अधिकारातून बाहेर काढलं तेव्हा बराच गदारोळ झाला. म्हणजे ते काही सोवळे नाहीत. फरक आहे तो इतकाच, की तिथे प्रत्येक ट्रस्टच्या संचालक मंडळाच्या सभा लोकांसाठी खुल्या असतात आणि त्यांच्या कागदांत एजन्सीवर किती गेले हा आकडा येतो. वार्षिक हिशेबात कायम कर्मचाऱ्यांचा खर्च वेगळा आणि बाकीच्यांचा वेगळा छापतात. नोव्हेंबर २०१५ पासून पाळीच्या दराला कमाल मर्यादा आहे. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असेल तर रुग्णालय ती ओलांडू शकतं, पण ओलांडली की वर कळवावं लागतं. आकडे चव्हाट्यावर आले, ओरड झाली, आणि २०२४-२५ मध्ये एजन्सीचा खर्च आदल्या वर्षापेक्षा जवळपास एक अब्ज पौंडांनी उतरला.

भाचा मात्र हसतो. म्हणतो, “मावशी, एजन्सी उतरली पण ‘बँक’ चढली ना.” बँक म्हणजे रुग्णालयाने स्वतःच ठेवलेली जादा पाळ्या करणाऱ्यांची यादी. त्या लोकांचा खर्च एजन्सीच्या आकड्यात धरत नाहीत. हे ऐकून मला आपलंच कोषागार आठवलं. एका शीर्षावर बंदी आली की देयक दुसऱ्या शीर्षावर येतं, तारीख आणि पुरवठादार तोच. म्हणून म्हणते, फक्त एजन्सीचा आकडा मागून भागणार नाही. वर सांगितलेले सहाही प्रकार एका तक्त्यात हवेत, रुग्णालयवार.

याला विरोध कोण करील? सरळ विरोध कुणीच करणार नाही. कारणं पुढे येतील. पहिलं कारण ठरलेलं आहे : दर ही एजन्सीची व्यापारी गोपनीय बाब आहे. माहिती अधिकारात कलम ८(१)(घ) आहे खरं. पण त्याच कायद्यात ‘माहिती’ या शब्दाच्या व्याख्येत करार आणि लॉगबुक हे दोन्ही शब्द आहेत, आणि मोठं सार्वजनिक हित असेल तर या कलमाला मुरड घालायची तरतूद त्याच वाक्यात आहे. निविदा उघडताना सगळे ठेकेदार एकमेकांचे दर ऐकत बसलेले असतात. स्पर्धकाला ठाऊक, अधिकाऱ्याला ठाऊक, मग गोपनीय कुणापासून? ज्याच्या करातून बिल भरायचं त्याच्यापासून?

दुसरं कारण जरा विचार करण्यासारखं आहे. दर जाहीर केले तर डॉक्टर जास्त मागतील, आधीच गडचिरोली-नंदुरबारला कुणी जायला तयार नाही. ही भीती मी उडवून लावत नाही. पण आरोग्य अभियानात ‘तुम्ही आकडा सांगा, आम्ही देतो’ अशी योजना केंद्रानेच राज्यांना मोकळी करून दिली आहे. विशेषज्ञ स्वतः आपला आकडा टाकतो. म्हणजे डॉक्टरला बाजारभाव माहीत आहे, एजन्सीला तर पाच जिल्ह्यांचे भाव तोंडपाठ आहेत. अंधारात आहे तो एकटा तालुक्याचा वैद्यकीय अधीक्षक, ज्याला शुक्रवारी संध्याकाळी कळतं की सोमवारी भूलतज्ज्ञ नाही. शेजारच्या तालुक्यात तोच माणूस कितीला येतो हे त्याला कळलं तर घासाघीस करायला त्याच्या हातात काहीतरी येईल. आणि दुर्गम भागात दर जास्तच असणार, असावेतच. गडचिरोलीला पुण्यापेक्षा जास्त दिले म्हणून कुणी शहाणा माणूस बोंब मारणार नाही. आषाढीला पंढरपूरला पंधरा दिवस जादा डॉक्टर लागतात, बाळंतपणाच्या रजेच्या जागी कुणी लागतं, पुरात लागतं. तिथे तात्पुरता माणूसच योग्य. एखादं पद सलग सहा वर्षं ‘तात्पुरतं’ भरलं जातं, तिथे मात्र तक्ता आपोआप बोलेल. सहा वर्षांत एजन्सीला गेलेली रक्कम एका रकान्यात आणि त्या पदाचं कायम वेतन दुसऱ्या. बेरीज वजाबाकी चौथीतलं पोरही करील.

तिसरं कारण डॉक्टरांच्या खासगीपणाचं. यात मला तथ्य वाटतं, अर्धंच. कुणा डॉक्टरच्या बँक खात्यात काय जमा झालं हे चव्हाट्यावर आणायची गरज नाही. तक्त्यात पद लिहा, पाळी लिहा, तास लिहा, एजन्सीला दिलेली रक्कम लिहा. नाव फक्त रुग्णालयाच्या भिंतीवर, नोंदणी क्रमांकासकट. आजारी माणसाला आपल्या अंगाला हात लावणाऱ्याचं नाव कळलंच पाहिजे, त्यात खासगी काय?

डेटा संरक्षण कायद्याने २०२३ मध्ये माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम आणखी घट्ट करून ठेवलं आहे. त्याआडून आता एजन्सीची बिलंही ‘वैयक्तिक’ ठरायला लागतील, ही माझी खरी धास्ती आहे.

आणि एक गोष्ट, जी बोलताना सगळे विसरतात. या अंधाराचा पहिला फटका त्या डॉक्टरलाच बसतो. एकदा दुपारी, जेवणाच्या सुटीनंतर, एक मुलगा माझ्या टेबलापाशी आला. नुकतंच एमबीबीएस झालेला, पाठीला सॅक, डोळे तारवटलेले. तीन महिने पगार नव्हता. एजन्सी म्हणत होती, कोषागारातून बिल निघालं नाही. मी रजिस्टर पाहिलं. बिल दीड महिन्यापूर्वी पारित झालं होतं. हे त्याला सांगितलं तर विश्वास बसेना, म्हणून नियमात बसत नव्हतं तरी कार्यालयीन प्रत त्याच्यासमोर धरली. त्याने आधी स्वतःचं नाव शोधलं. मग बोट आडवं सरकवत रकमेपर्यंत नेलं आणि तिथेच थांबलं.

“मॅडम, हे माझ्या नावावर निघतात?”

त्याच्या हातात पडत होते त्याच्या जवळपास दीडपट होते ते. त्यातलं थोडं रास्त असेल, एजन्सीचं सेवाशुल्क असतं, भविष्य निर्वाह निधी असतो. पण त्याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. मग त्याने हजेरीपत्रक उलटून पाहिलं आणि म्हणाला, “आणि मी दिवाळीत चार दिवस घरी गेलो होतो. मी सांगून गेलो होतो.” पत्रकावर दिवाळीचे चारही दिवस ‘ह’ होते. पोराचा चेहरा एकदम उतरला, चोरी त्यानेच केली असावी तसा. मी प्रत परत घेतली. काय बोलायचं ते मलाही सुचेना, चहा पितोस का विचारलं, नको म्हणाला.

गेल्या वर्षी मी एक अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, एका रुग्णालयाच्या एका महिन्यापुरता. तीनच रकाने मागितले : पाळी, तास, एजन्सीला दिलेली रक्कम. तीस दिवस भरत आले तेव्हा उत्तर आलं की माहिती त्रयस्थ पक्षाशी संबंधित आहे, त्यांनी हरकत घेतली आहे, सबब देता येत नाही. पहिलं अपील केलं. सुनावणीला मी वेळेआधी पोचले. अधिकारी भला माणूस होता, मला ओळखलंही. म्हणाला, ताई, तुम्हाला हे सगळं आतून माहीत आहे, मग कशाला मागताय? मी म्हटलं, मला माहीत आहे म्हणूनच. त्याने फाइल बंद केली आणि पुढची तारीख दिली. ती दोनदा पुढे गेली आहे.

परतताना त्याच आवारातल्या रुग्णालयातून आले. अपघात विभागाच्या दाराशी काळा फळा आहे, ‘आज कर्तव्यावर’. खाली ‘वैद्यकीय अधिकारी’ आणि ‘भूलतज्ज्ञ’ ऑइलपेंटने रंगवलेलं, पुढे खडूने नाव लिहायची जागा. वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे एक नाव होतं, अर्धवट पुसलेलं, बहुधा कालचं. भूलतज्ज्ञापुढे कुणीतरी पोराने फुली-गोळा खेळून ठेवला होता.